ट्रक शिकायचाय? आधी लायसन्सवरची तारीख पाहा, मग ड्रायव्हिंग स्कूलची फी भरा

मेडशी (ता. मालेगाव, जि. वाशीम) : अकोल्याहून निघालेला ट्रक पातूरचा घाट ओलांडून वाशीम जिल्ह्यात शिरला की मेडशी लागते. राष्ट्रीय महामार्ग १६१ वरचे हे गाव अकोला आणि वाशीम या दोन शहरांच्या साधारण मध्यावर आहे. हाच रस्ता पुढे हिंगोली, नांदेड, देगलूर करत तेलंगणात जातो. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गही मालेगाव तालुक्यातूनच गेला असून, ५ जून २०२५ पासून तो ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता वाहतुकीला खुला झाला आहे. इकडची सोयाबीन, तूर बाहेर जाते; खत, सिमेंट, डिझेल इकडे येते. या सगळ्याला ट्रक लागतो आणि ट्रकला ड्रायव्हर लागतो.

त्यामुळे बारावीनंतर किंवा शाळा मध्येच सुटल्यावर ‘मी ट्रकवर जातो’ म्हणणारे तरुण या पट्ट्यात नवे नाहीत. असा तरुण पहिल्यांदा विचारतो ते हे : ड्रायव्हिंग स्कूल कुठे आहे आणि फी किती? पण हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा, की हेवी गाडीचे लर्निंग लायसन्स काढायला तो आज पात्र आहे का? ते हातात नसेल तर स्कूलचा प्रशिक्षकही त्याला रस्त्यावर ट्रकच्या स्टिअरिंगवर बसवू शकत नाही. आणि ते मिळण्यासाठी एक वर्ष आधीच सुरू झालेले असावे लागते. नेमके हेच अनेकांना फी भरल्यावर कळते.

थोडक्यात काय?

• ट्रकचे लर्निंग लायसन्स मिळण्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण हवीत.
• त्याआधी किमान एक वर्ष हलक्या मोटार वाहनाचे, म्हणजे एलएमव्हीचे, पक्के लायसन्स हातात असले पाहिजे. दुचाकीचे लायसन्स यात धरले जात नाही.
• डॉक्टरांचे फॉर्म १-अ मधील प्रमाणपत्र लागते.
• लर्निंग लायसन्स मिळाल्यावर किमान ३० दिवसांनी पक्की चाचणी देता येते. लर्निंगची मुदत सहा महिने असते.
• चाचणीच्या अर्जासोबत ड्रायव्हिंग स्कूलचे फॉर्म ५ मधील प्रमाणपत्र लागते. ट्रकसाठी ते टाळता येत नाही.

लायसन्स, परमिट आणि बॅज : तीन वेगळ्या गोष्टी

गावात हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. लायसन्स माणसाचे असते. परमिट गाडीचे असते. मालवाहू गाडी धंद्यासाठी रस्त्यावर आणायची तर गाडीमालकाला परिवहन खात्याकडून परमिट घ्यावे लागते. एकूण वजन तीन हजार किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला कायद्याने त्यातून सूट आहे. नोकरीवरच्या ड्रायव्हरला स्वतःच्या नावाने परमिट काढावे लागत नाही.

बॅज हा प्रवासी वाहन चालवणाऱ्यांचा विषय आहे. रिक्षा, टॅक्सी, बस चालवायची तर तो लागतो. माल वाहणाऱ्या ट्रकसाठी नाही. म्हणजे ट्रक ड्रायव्हर होऊ पाहणाऱ्याला स्वतःच्या नावावर दोनच कागद मिळवायचे आहेत : आधी ट्रान्सपोर्ट वाहनाचे लर्निंग लायसन्स आणि नंतर तोच वर्ग नोंदवलेले पक्के लायसन्स.

पहिली अट : एलएमव्हीचे एक वर्ष

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे आणि तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या कलम ७ मध्ये सरळ लिहिले आहे, की किमान एक वर्ष हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असल्याशिवाय कोणालाही ट्रान्सपोर्ट वाहनाचे लर्निंग लायसन्स देता येणार नाही. यामागचा विचार साधा आहे. ज्याने वर्षभर जीप, कार किंवा तत्सम गाडी चालवली, त्याला रस्ता, अंतर आणि वळण यांचा अंदाज आलेला असतो. त्याला मोठी गाडी शिकवणे सोपे आणि सुरक्षित जाते.

गावाकडची अडचण इथेच आहे. अठरावे लागले की मुलगा लायसन्स काढतो, पण ते फक्त गिअरच्या दुचाकीचे. घरी कार नाही, मग चारचाकीचे कशाला, असा हिशेब असतो. पाच-सहा वर्षांनी ट्रकवर जायचे ठरते तेव्हा खिशात जुने लायसन्स असूनही कायद्याच्या दृष्टीने घड्याळ सुरूच झालेले नसते. त्याला आधी एलएमव्हीचे लर्निंग, मग पक्के, मग पूर्ण एक वर्षाची वाट आणि त्यानंतर ट्रकचे लर्निंग, अशी सगळी फेरी करावी लागते.

हे वर्ष एलएमव्हीच्या पक्क्या लायसन्सपासून मोजले जाते. चारचाकीच्या लर्निंगपासून नाही आणि दुचाकीच्या तारखेपासून तर नाहीच. लायसन्सच्या कार्डावर कोणत्या वाहनवर्गाची परवानगी कधी मिळाली, ती तारीख त्या वर्गासमोर छापलेली असते. एलएमव्हीसमोरची तारीख हीच कामाची तारीख.

दुसरी अट : वय

साधी कार अठराव्या वर्षी चालवता येते. सार्वजनिक ठिकाणी ट्रान्सपोर्ट वाहन चालवायला मात्र कलम ४ नुसार २० वर्षे पूर्ण असावी लागतात. ज्या वर्गाची गाडी चालवण्याचे वय झालेले नाही, त्या वर्गाचे लर्निंग लायसन्सही मिळत नाही. त्यामुळे ‘लर्निंग आत्ता काढून ठेवू, पक्के विसाव्या वर्षी घेऊ’ हा मार्ग बंद आहे.

दोन उदाहरणांनी हे स्पष्ट होईल. दोन्ही केवळ समजण्यासाठी घेतलेली आहेत.

उदाहरण एक : एका मुलाला १५ ऑगस्ट २०२६ रोजी १८ वर्षे पूर्ण होतात. त्याच आठवड्यात तो दुचाकी आणि एलएमव्ही अशा दोन्ही वर्गांचे लर्निंग काढतो. ३० दिवसांनंतर चाचणी देऊन सप्टेंबर २०२६ अखेर त्याला पक्के लायसन्स मिळते. सप्टेंबर २०२७ अखेर त्याचे एक वर्ष भरते. १५ ऑगस्ट २०२८ रोजी वय २० होते. त्या आठवड्यात तो ट्रकचे लर्निंग काढू शकतो आणि महिनाभराचे प्रशिक्षण संपवून ऑक्टोबर २०२८ पर्यंत पक्क्या लायसन्ससह कामाला लागू शकतो. त्याचा एकही दिवस वाया जात नाही.

उदाहरण दोन : २४ वर्षांच्या तरुणाकडे २०२० पासून दुचाकीचे लायसन्स आहे. ऑगस्ट २०२६ मध्ये तो ट्रक शिकायचे ठरवतो. एलएमव्हीचे लर्निंग ऑगस्टमध्ये, पक्के सप्टेंबरअखेर. वर्ष भरते सप्टेंबर २०२७ अखेर. ट्रकचे लर्निंग ऑक्टोबर २०२७ मध्ये, चाचणी नोव्हेंबरमध्ये. म्हणजे ठरवल्यापासून सव्वा वर्ष. वयाने तो पहिल्या मुलापेक्षा मोठा आहे, लायसन्सही जुने आहे, तरी थांबावे त्यालाच लागते.

दोघांमधला फरक काही शे रुपयांचा आहे. केंद्रीय नियमांप्रमाणे प्रत्येक वाहनवर्गाच्या लर्निंगचे शुल्क १५० रुपये आणि वाहन चाचणीचे ३०० रुपये आहे. अठराव्या वर्षी दुचाकीसोबत एलएमव्हीचा वर्ग जोडण्यासाठी चारचाकी शिकण्याच्या खर्चाखेरीज एवढाच जादा सरकारी खर्च येतो. पुढे तो एक पूर्ण वर्ष वाचवतो.

वाट पाहण्याच्या वर्षात काय करता येते?

ज्याचे वय २० पूर्ण आहे आणि एलएमव्हीचे लायसन्स नुकतेच मिळाले आहे, त्याने वर्षभर घरी बसण्याची गरज नाही. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन एलएमव्हीच्या लायसन्सवर चालवता येते. त्यासाठी ट्रान्सपोर्टची वेगळी नोंद लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मुकुंद देवांगन खटल्यात हे सांगितले होते. विमा कंपन्यांनी त्यावर पुन्हा प्रश्न उपस्थित केला, तेव्हा प्रकरण पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठासमोर गेले. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी घटनापीठाने तोच निर्णय कायम ठेवला.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखली जाणारी टाटा एस किंवा बोलेरो पिकअप अशा गाड्यांवर भाजीपाला, किराणा, शेतमाल यांची भाड्याची वाहतूक एलएमव्हीवर करता येते. मात्र ७,५०० किलो हे गाडीचे मालासह धरलेले एकूण नोंदणीकृत वजन आहे, फक्त मालाचे नाही. हा आकडा गाडीच्या आरसी बुकात असतो. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन आयशरपैकी एक या मर्यादेत आणि दुसरी मर्यादेबाहेर असू शकते. म्हणून चावी घेण्याआधी आरसी पाहावे.

७,५०० किलोच्या पुढे १२ हजार किलोपर्यंत मध्यम आणि त्यापुढे अवजड मालवाहू वाहन धरले जाते. दहाचाकी, बाराचाकी ट्रक, ट्रेलर हे सगळे अवजड. त्यासाठी ट्रान्सपोर्टचे लायसन्सच लागते. पिकअपवर घालवलेले वर्ष पुढे ट्रक शिकताना उपयोगी पडते : माल बांधणे, आरसा पाहून मागे घेणे, उतारावर गिअरमध्ये गाडी ठेवणे, ही सवय तिथेच लागते.

फी भरण्याआधी डॉक्टर

ट्रान्सपोर्ट वाहनाच्या लायसन्ससाठी वय काहीही असले तरी फॉर्म १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ते नोंदणीकृत डॉक्टरांनी तपासून द्यायचे असते. त्यात दृष्टी, ऐकू येणे, हातापायांतील दोष यांची तपासणी असते. चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबर प्लेट वाचता येते का, लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, हे प्रश्न त्या नमुन्यात स्पष्ट आहेत.

लाल-हिरव्या रंगातील फरक न कळणे हा दोष अनेकांना स्वतःलाही माहीत नसतो, कारण रोजच्या कामात तो अडत नाही. चष्म्याचा नंबर वाढलेला असतो, पण तपासणी झालेली नसते. स्कूलची फी भरून झाल्यावर हे उघड झाले तर पैसे अडकतात. म्हणून फॉर्म १-अ ची तपासणी सर्वांत आधी करून घ्यावी. फक्त सही-शिक्का मिळवून मोकळे होण्यात नुकसान स्वतःचेच आहे. घाटात रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांपुढे तो कागद कामाला येत नाही.

लर्निंग लायसन्स कसे काढायचे?

अर्ज केंद्र सरकारच्या ‘सारथी’ संकेतस्थळावर, फॉर्म २ मध्ये भरायचा असतो. ज्याच्याकडे आधीच एलएमव्हीचे लायसन्स आहे, त्याने नवे लायसन्स मागायचे नसते. असलेल्या लायसन्समध्ये वाहनवर्ग वाढवण्यासाठी लर्निंगचा अर्ज करायचा असतो. सोबत मूळ लायसन्स, वय व पत्त्याचा पुरावा आणि फॉर्म १-अ लागतो. नाव, जन्मतारीख आणि पत्ता आधार कार्डावर व लायसन्सवर एकसारखा आहे ना, हे अर्जाआधी तपासावे. स्पेलिंगमधल्या एका अक्षरानेही अर्ज अडकतो.

मेडशीचे अर्जदार साधारणपणे वाशीमच्या परिवहन कार्यालयात, म्हणजे एमएच-३७ कडे जातात. मात्र २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातील कोणत्याही परवाना प्राधिकाऱ्याकडे लर्निंगसाठी अर्ज करता येतो. ज्याचे ड्रायव्हिंग स्कूल अकोल्यात आहे, त्याला एमएच-३० चे कार्यालय सोयीचे पडू शकते. लर्निंग, प्रशिक्षण आणि चाचणी एकाच ठिकाणी ठेवली तर चकरा वाचतात.

खर्चाचा अंदाज केंद्रीय नियमांतील शुल्कावरून येतो : लर्निंगचे १५० रुपये, लर्निंग चाचणी द्यावी लागल्यास ५० रुपये, वाहन चाचणीचे ३०० रुपये आणि लायसन्समध्ये नवा वर्ग वाढवण्याचे ५०० रुपये. म्हणजे सरकारी शुल्क हजार रुपयांच्या आसपास. कार्ड, टपाल व सेवा शुल्क वेगळे. स्कूलची फी याहून स्वतंत्र असते. कोणी ‘सगळे मिळून’ एकच आकडा सांगत असेल तर त्यातले सरकारी किती आणि स्कूलचे किती, हे विचारून पावती घ्यावी.

तारखांचे गणित

लर्निंग लायसन्स सहा महिने चालते. पक्क्या चाचणीला ते मिळाल्यापासून किमान ३० दिवस झालेले असावे लागतात. म्हणजे प्रशिक्षण आणि चाचणी दोन्हींसाठी साधारण पाच महिन्यांची खिडकी मिळते. ट्रान्सपोर्ट वाहनासाठी स्कूलचे प्रशिक्षण किमान ३० दिवसांचे असते. त्यामुळे लर्निंग हातात आल्याच्याच आठवड्यात स्कूल सुरू करणे सर्वांत सोयीचे. प्रशिक्षण संपते तेव्हा चाचणीची पात्रताही आलेली असते.

क्रम उलटा झाला तर काय होते? आधी स्कूलला पैसे भरले आणि मग कळले की एलएमव्हीचे वर्ष अजून चार महिने भरायचे आहे, तर ते चार महिने फी अडकून राहते. लर्निंग काढले पण स्कूलची बॅच सोयाबीनच्या हंगामामुळे पुढे ढकलली, तर लर्निंगची मुदत संपते आणि ते नव्याने काढावे लागते. ‘आठवडाभरात हेवी लायसन्स काढून देतो’ असे सांगणाऱ्याचे म्हणणे या तारखांमध्ये बसतच नाही. कायद्याने एक महिन्याच्या आत ते शक्य नाही.

स्कूल निवडताना काय पाहावे?

कलम ९ नुसार मान्यताप्राप्त स्कूलच्या प्रमाणपत्राशिवाय ट्रान्सपोर्ट वाहनाचे लायसन्स देता येत नाही. हे प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म ५. त्यामुळे स्कूलला परिवहन खात्याचा परवाना आहे का, हे आधी पाहावे. हा परवाना फॉर्म ११ मध्ये असतो आणि तो स्कूलमध्ये दिसेल अशा जागी लावणे बंधनकारक आहे. त्यात अवजड वाहनाच्या प्रशिक्षणाची परवानगी आहे का, तेही वाचावे. कार शिकवणारे प्रत्येक स्कूल ट्रक शिकवू शकत नाही.

नियमांनुसार ट्रान्सपोर्ट वाहनाच्या प्रशिक्षणात प्रत्यक्ष स्टिअरिंगवर किमान १५ तास मिळाले पाहिजेत. स्कूलची गाडी दुहेरी नियंत्रणाची असली पाहिजे, म्हणजे प्रशिक्षकाच्या बाजूनेही ती थांबवता आली पाहिजे. प्रशिक्षणार्थींची नोंद फॉर्म १४ च्या नोंदवहीत ठेवावी लागते. फी भरताना तीन प्रश्न विचारले तरी बरेच कळते : गाडी कोणती, रोज स्टिअरिंगवर किती वेळ आणि एका गाडीवर किती जण?

दुसरा मार्ग मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्राचा आहे. यासाठीचे नियम १ जुलै २०२१ पासून लागू झाले. अशा केंद्रात मध्यम व अवजड वाहनाचा अभ्यासक्रम ३८ तासांचा असून तो सहा आठवड्यांत पूर्ण होतो. चाचणी मार्गिका आणि सिम्युलेटर तिथे असावे लागतात. केंद्राची चाचणी उत्तीर्ण झालेल्याला परिवहन कार्यालयात पुन्हा वाहन चाचणी द्यावी लागत नाही. साधे स्कूल आणि असे केंद्र यांत हा मोठा फरक आहे. नावात ‘सेंटर’ असले म्हणून ते मान्यताप्राप्त केंद्र ठरत नाही. मान्यतेचा कागद पाहावा.

फॉर्म ५ नुसता विकत मिळत असल्याचे कोणी सांगत असेल तर त्यापासून दूर राहिलेले बरे. फसवणुकीने किंवा खोटी माहिती देऊन मिळवलेले लायसन्स कलम १९ खाली रद्द होऊ शकते. आणि न शिकलेला माणूस अठरा टन ओझे घेऊन उतारावर आहे, ही गोष्ट कागदाने बदलत नाही.

चाचणीत नापास झाल्यास

पक्की चाचणी त्याच वर्गाच्या गाडीवर होते. गाडी अर्जदाराने आणायची असते. बहुतेक वेळा ती स्कूलचीच असते. नापास झाल्यास सात दिवसांनंतर पुन्हा देता येते. तीनदा नापास झाल्यास मात्र शेवटच्या चाचणीपासून ६० दिवस थांबावे लागते. लर्निंगची सहा महिन्यांची मुदत तोपर्यंत चालूच असते. म्हणून पहिली चाचणी शेवटच्या महिन्यावर ढकलू नये.

पास झाल्यावर मिळणारे ट्रान्सपोर्टचे लायसन्स पाच वर्षे चालते. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी ही मुदत तीन वर्षांची होती. नूतनीकरणाला पुन्हा फॉर्म १-अ लागतो.

उस्तादाकडे शिकले तर?

ड्रायव्हरकीचा जुना रस्ता क्लीनरपासून सुरू होतो. पोरगा गाडी धुतो, टायर ठोकून पाहतो, दोर आवळतो, चहा आणतो. वर्ष-दोन वर्षांनी उस्ताद मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हातात देतो आणि स्वतः मागे आडवा होतो. कित्येक चांगले ड्रायव्हर याच वाटेने घडले, हे खरे आहे. पण कायदा त्याकडे कसा पाहतो, हेही समजून घेतले पाहिजे.

केंद्रीय मोटार वाहन नियम ३ प्रमाणे शिकणाऱ्याकडे त्या वर्गाचे लर्निंग हवे. शेजारी त्याच वर्गाचे पक्के लायसन्स असलेला माणूस, गाडी थांबवता येईल अशा जागी बसलेला हवा. गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा. केबिनमध्ये मागे झोपलेला उस्ताद यातल्या दुसऱ्या अटीतच बसत नाही.

लर्निंगच नसेल तर कलम १८१ खाली पाच हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. त्याच्या हाती गाडी देणाऱ्या मालकावर कलम १८० खाली तेवढीच वेगळी जबाबदारी. मुलगा अठराच्या आतला असेल तर कलम १९९-अ लागते : पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द आणि मुलाला २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. ज्याला ड्रायव्हरच व्हायचे आहे, त्याच्यासाठी या शेवटच्या शिक्षेइतकी जड शिक्षा दुसरी नाही.

सर्वांत मोठी झळ बसते ती विम्यात. मालवाहू वाहनाच्या प्रचलित विमा पॉलिसीत ‘ड्रायव्हर क्लॉज’ असतो. त्यात लर्निंगधारकाला गाडी चालवायची मुभा आहे, पण दोन अटींवर : नियम ३ पाळलेला असावा आणि अपघाताच्या वेळी गाडी मालवाहतुकीसाठी वापरात नसावी. म्हणजे माल भरलेल्या ट्रकवर शिकणे पॉलिसीत बसत नाही, मग लर्निंग खिशात असले तरी. अशा अपघातात कोणी दगावले तर न्यायाधिकरण बहुधा विमा कंपनीला आधी वारसांना भरपाई द्यायला सांगते आणि मग ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ मधील स्वरण सिंग निकालापासून ही पद्धत रूढ आहे. ज्या मालकाचा एकच ट्रक कर्जावर आहे, त्याच्यासाठी ही वसुली घर किंवा शेतापर्यंत पोहोचू शकते.

म्हणून क्लीनरकी करणाऱ्यानेही ट्रकवर चढल्या वर्षीच एलएमव्हीचे लायसन्स काढावे. उस्तादाजवळ रस्ता, इंजिनचा आवाज, मालाची बांधणी शिकावी. स्टिअरिंग मात्र लर्निंग मिळाल्यावर आणि गाडी रिकामी असताना, उस्ताद शेजारी जागा असतानाच घ्यावे.

शिक्षण किती हवे?

पूर्वी ट्रान्सपोर्ट वाहनाच्या लायसन्ससाठी आठवी पासची अट होती. ती २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. शाळा लवकर सुटलेल्यांसाठी हा मोठा दिलासा आहे; त्या अटीमुळे पूर्वी माघारी गेलेल्यांना आता अर्ज करता येतो. मात्र पेट्रोल, डिझेल, गॅस, रसायने यांचे टँकर चालवायचे असतील तर वेगळी नोंद लागते. त्यासाठी एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता येणे आणि तीन दिवसांचे विशेष प्रशिक्षण आवश्यक आहे. ही नोंद तीन वर्षे चालते आणि नूतनीकरणाला एक दिवसाचा उजळणी वर्ग असतो.

इतरत्र काय पद्धत?

‘आधी शिकाऊ परवाना, मग ट्रक स्कूल’ हा क्रम केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत व्यावसायिक वाहनाचा शिकाऊ परवाना काढल्यावर किमान १४ दिवस तो बाळगल्याशिवाय वाहन चाचणी देता येत नाही. ७ फेब्रुवारी २०२२ पासून नोंदणीकृत संस्थेचे प्रशिक्षणही तिथे सक्तीचे झाले आहे. राज्याबाहेर माल नेण्यासाठी तिथे वय २१ लागते. त्यामुळे तिथलेही तरुण लेखी परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी आधी उरकून मगच ट्रक स्कूलमध्ये जातात. फरक एवढाच, की आपल्याकडे त्या आधी हलक्या वाहनाच्या लायसन्सचे एक वर्ष लागते.

फी भरण्याआधीची यादी

१. लायसन्सच्या कार्डावर एलएमव्ही आहे का? असल्यास त्यासमोरच्या तारखेला एक वर्ष झाले का?
२. वय २० पूर्ण आहे का?
३. डोळे आणि रंगदृष्टी तपासून फॉर्म १-अ घेतला का?
४. आधार आणि लायसन्सवरील नाव, जन्मतारीख जुळते का?
५. स्कूलच्या फॉर्म ११ परवान्यात अवजड वाहन आहे का? फॉर्म ५ देणार का?
६. लर्निंग मिळाल्यापासूनचे सहा महिने शेतीच्या कामाच्या आड येणार नाहीत ना?

यातल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ट्रक स्कूलचे पैसे तूर्त जवळच ठेवावेत आणि आधी एलएमव्हीच्या लर्निंगचा अर्ज करावा. घरात कोणी यंदा अठरा वर्षांचे होत असेल, तर दुचाकीच्या अर्जात एलएमव्हीसमोरही खूण करायला सांगावे. ट्रकवर जायचे की नाही, हे त्याला नंतरही ठरवता येईल. पण ठरवले, तर तोवर त्याचे वर्ष भरलेले असेल.